पाखरांच्या वाटणीची ज्वारी

पेंग्विनचा फोटो काढताना कॅमेरा हमखास फसतो. पक्ष्याची पाठ काळी, पोट पांढरं आणि मागे बर्फ. इतका पांढरा रंग दिसला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो सगळं चित्र काळवंडून टाकतो. बर्फ चुलीतल्या राखेसारखा दिसतो. हाताने उजेड वाढवावा तर पोटावरची पिसं पुसली जातात आणि पक्ष्याच्या जागी पांढरा डाग उरतो. या दोन चुकांच्या मधे थोडी जागा असते. ती पाहुण्यांना शोधून देणं हे अकरा वर्षं माझं काम होतं.

पुण्याची एक पर्यटन कंपनी दरवर्षी मराठी पाहुण्यांचा गट दक्षिण अटलांटिकमधल्या बेटांवर नेत असे. जहाज परदेशी, त्यावरचे मार्गदर्शक पाच-सहा देशांचे. आमच्या गटाला फोटो शिकवायला, बेटावरचे नियम मराठीत समजावून सांगायला आणि ते पाळले जातात की नाही हे बघायला मी. त्याआधी एका दैनिकाच्या बीड कार्यालयात छायाचित्रकार होतो. शिरूर कासार तालुक्यातला माणूस पेंग्विनपर्यंत कसा पोचला, असं लोक विचारतात. माजलगाव धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. सुटीच्या दिवशी त्यांचे फोटो काढायचो. ते कंपनीच्या मालकाने पाहिले. त्यात यापेक्षा जास्त काही नाही.

दैनिक का सोडलं, याचं उत्तर थोडं लांब आहे. दुष्काळाच्या साली मुख्य कार्यालयातून फोन यायचा, "भेगाळलेली जमीन पाहिजे. वर आभाळाकडे बघणारा माणूस पाहिजे." जमीन कुठे चांगली भेगाळते, अशा चार जागा मला पाठ झाल्या होत्या. सिंदफणेच्या पात्रातली एक तर इतक्या वेळा छापून आली की दुसऱ्या दैनिकाचे लोकही तिथेच यायचे. त्या फोटोंत खोटं काही नव्हतं. पण चौकटीच्या बाहेर काय ठेवायचं हे मी ठरवत होतो, आणि ते ठरवताना फारसा विचार करत नव्हतो. पुढे याचा संबंध येईल, म्हणून सांगून ठेवतो.

पाहुणे नाना तऱ्हेचे असत. माजलगावच्या मोंढ्यातले एक आडतदार होते. त्यांनी दहा दिवसांत कॅमेरा गळ्यातून काढला नाही आणि फोटो एकही काढला नाही. किनाऱ्यावर उभे राहायचे, डोळे बारीक करायचे आणि या बाजूला किती पक्षी, त्या बाजूला किती, याचा अंदाज सांगायचे. जहाजावरचा पक्षितज्ज्ञ दुपारभर मोजून जो आकडा काढायचा तो यांच्या अंदाजाच्या आसपासच असे. "थप्पीला लावलेली पोती मोजायची सवय हाय," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. दुसरे एक प्राध्यापक होते. ते पेंग्विनकडे पाठ करून फक्त पेंग्विनचे फोटो काढणाऱ्या माणसांचे फोटो काढत. ते फोटो उत्तम होते.

पण सांगायचं आहे ते अण्णा आणि काकूंबद्दल.

अण्णा बीड जिल्ह्यातल्या कडा गावाकडचे. एका सहकारी साखर कारखान्यावर अनेक वर्षं संचालक. सत्तरी ओलांडलेली, आवाज सभेचा, चालणं मिरवणुकीचं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी गयाबाई. गावातल्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्ष. बोलणं कमी. मुलांनी पुण्यात बसून दोघांची सहल वर्षभर आधी ठरवली होती. त्यानंतर पाऊस गेला. दिवाळीलाच गावात टँकर सुरू झाले, ऊस जनावरांच्या दावणीला गेला, कारखान्याचा बॉयलर त्या हंगामात पेटलाच नाही. जायचं की नाही यावर घरात बरंच बोलणं झालं असावं. मुंबईच्या विमानतळावर अण्णांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं : "पत्रकार, गावाला टँकर आन् आमी चाललो पाणीच पाणी बघायला. हे छापू नका बरं का." मी आता पत्रकार नाही, असं सांगून पाहिलं. शेवटपर्यंत त्यांनी मला पत्रकारच म्हटलं.

आता कामातली एक गोष्ट समजावून सांगायला हवी. त्या बेटांवर सगळ्यात मोठी भीती वादळाची नसते, बियांची असते. बाहेरच्या गवताचं एक बी बुटाच्या तळाला चिकटून गेलं आणि रुजलं, तर तिथलं गवत मारतं. आणि त्या गवतात पक्ष्यांची घरटी असतात. म्हणून बेटावर पोचायच्या आधी जहाजावर एक दिवस फक्त साफसफाईचा असतो. बूट घासायचे, खिसे उलटे करायचे, जाकिटाच्या चिकटपट्ट्यांतून चिमट्याने काड्या उपटायच्या. मार्गदर्शकाने आपल्या गटातल्या प्रत्येकाचं सामान स्वतः तपासायचं आणि त्या नावापुढे सही करायची. मग बेटावरचे अधिकारी जहाजावर येऊन पुन्हा तपासतात. खायची वस्तू किनाऱ्यावर न्यायची नाही. पक्ष्यांना काही घालायचं नाही. पक्ष्यापासून पाच मीटर लांब राहायचं.

पाच मीटरवर अण्णांचं म्हणणं होतं, "आपुन पाच म्हणायचं, मग तीनवर मिटतं."

त्या साफसफाईच्या दिवशी मी बारा जणांपैकी अकरा जणांचे खिसे स्वतः उलटे केले. काकूंची पाळी आली तेव्हा त्या नऊवारीवर जाकीट घालून खुर्चीत शांत बसल्या होत्या. वयाने माझ्या मोठ्या चुलतीएवढ्या. मी त्यांचे बूट तपासले, जाकिटाचे खिसे तपासले आणि तिथे थांबलो. बाकीचं अण्णांना विचारलं, "काकूंचं बघितलं ना?"

"घरच्याच हायत," अण्णा म्हणाले. "करा सही."

मी सही केली. आमच्या भागात हे असंच चालतं. बाईला विचारायचं ते तिच्या नवऱ्याला विचारतात, आणि नवराही न विचारता सांगतो. सात समुद्र ओलांडून मी ती रीत सोबत नेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज खाडीत शिरलं आणि तपासणी अधिकारी बाई वर आल्या. पाहुणे रांगेत उभे राहिले. अण्णांनी आधी त्यांच्यासाठी चहा मागवला. बाईंनी नम्रपणे नको म्हटलं. अण्णा माझ्या कानाशी आले. "तपासणीला आलेला माणूस चहा घेईना म्हंजी काम अवघड हाय."

काकूंच्या पुढे आल्यावर बाईंनी जाकीट उघडायची खूण केली. काकूंनी चेन खाली ओढली आणि लाकडी डेकवर टप् असा आवाज झाला. बाई वाकल्या. त्यांच्या बोटांच्या चिमटीत ज्वारीचा एक टपोरा पांढरा दाणा होता.

मी काही बोलायच्या आत काकूंनी कमरेला खोचलेली कापडी पिशवी काढली, गाठ सोडली आणि बाईंच्या पुढे धरली. "शाळू हाय बाई," त्या म्हणाल्या. "घरचा. बघा, किडका दाणा घावायचा न्हाई."

पिशवीत दोन-अडीच ओंजळी ज्वारी असेल.

मोहिमेची प्रमुख इनेस नावाची अर्जेंटिनाची बाई होती. चाळिशीची, कामाला कडक, आवाज कधी न चढवणारी. तिने आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या सहीच्या कागदाकडे, मग माझ्याकडे. "हे कशासाठी, विचार," ती म्हणाली.

मी विचारलं. काकूंनी सांगितलं ते असं. रोज सकाळी पाखरांना मूठभर दाणे टाकल्याशिवाय त्या तोंडात काही घालत नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या. घरी जमीन होती, पाणी नव्हतं, म्हणून सासूबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. तिथे खायला सरकारी सुकडी मिळायची. सासू आधी चिमूटभर बाजूच्या दगडावर ठेवायची, मग सुनेच्या हातावर. "आपल्याला सरकार देतं, ह्यांना कोण देनार," असं म्हणायची. सासू गेल्यावर ते काम काकूंकडे आलं. जहाजावरही रोज सकाळी कठड्यापाशी जाऊन त्या चिमूटभर दाणे टाकत होत्या. "मोठमोठी पाखरं हायत, पर घेत न्हाईत. वरूनच बघून जातात. आपुन टाकलं म्हंजी आपलं झालं. ज्वारी मात्र आपल्याच रानातली हाय, इकत आनलेली न्हाई."

"काय म्हणाली?" इनेसने विचारलं.

"म्हणतात, ज्वारी त्यांच्या स्वतःच्या शेतातली आहे," मी सांगितलं. तेही काकू म्हणाल्याच होत्या. समुद्रात रोज दाणे टाकल्याचा भाग मी कापला. बातमीतला मुख्य भाग जाणूनबुजून कापण्याची वेळ नोकरीत आणि नोकरीबाहेर मिळून एवढीच. तो आज छापतो आहे.

अण्णा पुढे सरसावले. "म्याडमला सांगा, सगळी जबाबदारी माझी. लिहून देतो. कारखान्याचा संचालक होतो म्हणावं."

मी तसं सांगितलं. अधिकारी बाईंनी ज्वारी एका जाड पिशवीत घालून बंद केली आणि निर्णय दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी किंग पेंग्विनच्या वसाहतीवर उतरायचं होतं; काकू उतरणार नाहीत. त्यांचे कपडे, सामान पुन्हा साफ होऊन तपासलं गेलं तर दुपारच्या फेरीचा विचार होईल. इनेसने त्यात आपली भर घातली, "सही तुझी आहे. तूही सकाळी जहाजावर राहशील. गट दुसऱ्या मार्गदर्शकाबरोबर जाईल."

ते बरोबरच होतं. पण काकूंच्या चेहऱ्याकडे पाहताना माझ्या लक्षात आलं की खरी अडचण उतरण्याची नाही. ज्वारी गेली होती. म्हणजे उद्या सकाळी टाकायला काही नव्हतं.

सकाळी काकूंनी चहा घेतला नाही. नाश्ता घेतला नाही. अण्णांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग पुन्हा समजावलं.

"अगं, घोटभर तरी घे."

"पाखरांनी खाल्ल्याबिगर न्हाई."

"हा समुद्र भरलाय माशांनी. कोन उपाशी हाय हितं? तुझ्या ज्वारीवाचून कुनाचं अडलंय?"

"तुमी बघितलंय का कुनाला खाताना?"

अण्णांनी चहाचा कप पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"मग," काकू म्हणाल्या. "मला एक पाखरू खाताना दिसू द्या. ज्वारीच पाहिजे असं न्हाई. आपल्या डोळ्यांनी बघितलं, की मी चहा घेते."

मी हे इनेसला सांगितलं, या वेळी काही न कापता. ती जहाजाच्या डॉक्टरशी बोलली. डॉक्टर म्हणाला, या वयाची बाई, पोटात काही नाही, लाटांवर रबरी बोटीत बसवणं धोक्याचं आहे. आधी खाऊ दे, मग जाऊ दे. म्हणजे काकू पाखरू बघितल्याशिवाय खाणार नाहीत आणि खाल्ल्याशिवाय त्यांना पाखरू बघायला मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी जहाज परतीला लागणार होतं, आणि दुपारनंतर वारा वाढणार असल्याची सूचना फलकावर लागली होती.

गट बोटीने निघून गेला. अण्णांनी डोक्याला गुलाबी फेटा बांधला होता. पेंग्विनबरोबरच्या फोटोसाठी तो त्यांनी गावाहून आणला होता. जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

मी आणि काकू साफसफाईच्या खोलीत बसलो. टेबलावर त्यांचे कपडे, माझे कपडे, माझ्या कॅमेऱ्याच्या पिशव्या. मी चिमटा घेतला. काकूंनी चिमटा बाजूला ठेवला आणि नखांनी सुरुवात केली. मी हे काम अकरा वर्षं केलं, चांगली माणसं पाहिली. असा हात पाहिला नाही. आयुष्यभर सुपात ज्वारी घेऊन खडे वेचलेली बोटं ती. कापडाच्या शिवणीवरून फिरायची आणि जिथे काही असेल तिथे आपोआप थांबायची. डोळे खिडकीबाहेर असले तरी.

"तुमी चारा छावनीवर आले होते," त्या मधेच म्हणाल्या.

"कुठल्या?"

"आमच्या. दूध संस्थेची जनावरं होती, दोन महिने. तुमच्याकडं हाच कॅमेरा होता का दुसरा, ते म्या न्हाई बघितलं. मी दावनीपाशी दाने टाकत होते. चिमन्या लई आल्त्या. तुमी म्हणले, बाई, जरा बाजूला व्हा."

मला आठवेना. मग आठवलं. बाई आठवली नाही, चौकट आठवली. हाडं निघालेली गाय, मागे पत्र्याचा टँकर, आणि मधे गाईच्या पायाशी उतरलेला चिमण्यांचा थवा आणि दाणे टाकणारा एक हात. त्या चिमण्यांमुळे फोटोत दुष्काळ वाटत नव्हता. मी बाईंना बाजूला व्हायला सांगितलं. त्या झाल्या, चिमण्या उडाल्या, फोटो पहिल्या पानावर आला.

"राग आला होता का?" मी विचारलं.

"राग कावून येईल? तुमचं काम तुमी करत होते. फकस्त त्या दिशी चिमन्यांचं अर्धंच झालं."

मी बुटाच्या तळातली रेती टोकरत राहिलो. काकूंनी माझी कॅमेऱ्याची पिशवी ओढून घेतली, झाकणाची चिकटपट्टी चर्रकन उघडली आणि हात थांबला. नखाच्या टोकावर धरून त्यांनी काहीतरी माझ्यासमोर आणलं.

कुसळ होतं. आमच्याकडच्या माळावरच्या गवताचं, टोकाला बी असलेलं, पायजम्यात रुततं ते. माजलगावच्या फुगवट्यावर मी याच पिशवीवर डोकं ठेवून पालथा पडायचो. त्यानंतर आणखी दोन निघाली.

काकू आधी गालातल्या गालात आणि मग पदर तोंडाला लावून हसल्या. "माजी ज्वारी खायची तरी होती," त्या म्हणाल्या. "हे कुनाला घालायला आनलंत, भाऊ?"

ती तीन कुसळं कागदाच्या पुडीत घालून मी इनेसला देऊन टाकली. लपवता आली असती. इनेसने पुडी उघडून पाहिली. "किती वेळा उतरलास ही पिशवी घेऊन?" तिने विचारलं. त्या मोसमातली ती पहिली फेरी होती, पण आधीच्या मोसमांचं मला सांगता येणार नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. तिने नोंदवहीत लिहिलं. मग म्हणाली, "त्या बाईंना विचार, आम्हा बाकीच्या मार्गदर्शकांच्या पिशव्या बघतील का."

दुपारपर्यंत साफसफाईच्या खोलीबाहेर सहा देशांच्या माणसांची रांग लागली होती. काकू एकेकाची पिशवी मांडीवर घेत, उलटी करत, झटकत आणि परत देत. पक्षितज्ज्ञाच्या टोपीत त्यांना गवताचं बी सापडलं तेव्हा तो शरमेने लाल झाला. तपासणी अधिकारी बाई आल्या, काकूंचं सामान शिवण-शिवण बघितलं. काही सापडलं नाही. मग त्यांनी स्वतःचं जाकीट काढून काकूंपुढे ठेवलं.

सकाळची बोट परत आली. अण्णा शिडी चढून वर आले ते फेटा हातात घेऊन. फोटो कसे आले विचारलं तर म्हणाले, "मळीचा वास येतो तिथं. पावसाळ्यात कारखान्याच्या मागं येतो, तस्साच." आणि जरा थांबून, "समदे जोडीनं उभे. आन् मधी मी येकटाच फेटा बांधून. मन लागंना."

त्यांचा कॅमेरा पाहिला. त्यात एकच फोटो होता, तोही त्यांच्या बुटांचा.

वारा वाढायला लागला होता. इनेसने पाण्याकडे पाहून ठरवलं, एकच बोट जाईल, किनाऱ्यावर चाळीस मिनिटं. डॉक्टरचा विरोध कायम होता. तेव्हा इनेस म्हणाली, "ही बाई सकाळपासून माझ्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त काम करते आहे, आणि हात कापत नाहीत. बोटीत ती माझ्या शेजारी बसेल." डॉक्टर म्हणाला, मग मीही येतो. तो आला.

बोटीत काकूंनी एका हाताने दोर धरला होता आणि दुसऱ्या हाताने अण्णांचं मनगट. पाणी अंगावर येत होतं. त्या एकदाही हलल्या नाहीत.

किंग पेंग्विनची वसाहत डोळ्यांआधी नाकाला आणि कानाला कळते. हजारो पक्षी, प्रत्येक जण ओरडतो, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. पिल्लं आईबापांपेक्षा लठ्ठ दिसतात. अंगावर दाट तपकिरी लोकर, जणू घोंगडी पांघरून बाजाराला आली आहेत. आईबाप आळीपाळीने समुद्रावर जातात, कधी कधी बरेच दिवस. पिल्लू तोवर उपाशी उभं राहतं. परतलेला पक्षी एवढ्या गर्दीत फक्त आवाजावरून आपलं पिल्लू शोधतो.

हे मी काकूंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "आमच्याकडं ऊस तोडायला कोयत्यावर जातात, तसं हाय की. लेकरू गावात आन् मायबाप कारखान्यावर."

पाच मीटरवर आम्ही थांबलो. अण्णाही थांबले, तीनवर मिटवायचं त्यांनी मनात आणलं नाही. वीस मिनिटं काही झालं नाही. एक पिल्लू समोर उभं होतं, मान वर करून शीळ घालत होतं, थांबत होतं, पुन्हा घालत होतं. इनेसने घड्याळ पाहिलं. डॉक्टरने काकूंकडे पाहिलं. काकूंचे ओठ पांढरे पडले होते, पण पाय रेतीत रोवलेले होते. व्यायला आलेल्या म्हशीजवळ बाई उभी राहते, तशा त्या उभ्या होत्या, घाई न करता.

तिसाव्या मिनिटाला पाण्याच्या बाजूने एक मोठा पक्षी आला. ओला, पोट भरलेलं, डुलत. मधेच थांबून त्याने हाक दिली. आमच्या समोरच्या पिल्लाने उत्तर दिलं. पक्षी वळला, गर्दीतून वाट काढत आला, पुन्हा हाक दिली, पिल्लू धावलं.

"भेटलं," काकू म्हणाल्या.

मोठ्या पक्ष्याने मान वाकवली, चोच उघडली आणि पिल्लाने डोकं आत घातलं. मी उजेड दोन पायऱ्या वाढवला, डोळ्यावर नेम धरला आणि तीन फोटो काढले. त्यातला एक नीट आला. पोटावरचं पीस न् पीस दिसतं त्यात.

"उतरलं," काकू म्हणाल्या. "बघा, नरड्याखाली उतरलं." त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मग अण्णांकडे वळल्या. "चला. आता च्या द्या मला."

जहाजावर त्यांनी दोन कप चहा घेतला. साखर किती विचारल्यावर अण्णांनीच उत्तर दिलं, "घाला भरपूर. कारखाना बंद हाय, तोंड तरी गोड होऊ द्या." डॉक्टरने नाडी पाहिली आणि खांदे उडवून निघून गेला. परतीच्या चार दिवसांत काकू रोज सकाळी माझ्याकडून कॅमेऱ्यातला तो फोटो मागून घेत, पिल्लाच्या चोचीकडे एकदा बघत आणि नाश्त्याला जात. त्यांच्या नियमात ते बसत होतं की नाही, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर मी आणखी तीन मोसम काम केलं. प्रत्येक पाहुण्याचं सामान स्वतः तपासलं. बायकांचं तपासायला जहाजावरच्या बाई मार्गदर्शकाला बोलावलं. एवढी साधी गोष्ट आधी सुचली नव्हती.

त्या सहलीनंतरच्या उन्हाळ्यातच फोटो मोठा करून काकूंना द्यायला कड्याकडे गेलो. गावात टँकर नुकताच येऊन गेला होता. रस्त्यावर ओल्या चाकांच्या खुणा होत्या. अण्णा दूध संकलन केंद्रावर बसले होते, तिथूनच ओरडले, "पत्रकार, घरी व्हा, आलोच." काकू अंगणात होत्या. लिंबाखाली मातीच्या परळात पाणी भरलेलं होतं. त्यांनी फोटो पाहिला, पदराने काच पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवला. मग सुपातून एक मूठ ज्वारी घेऊन टाकली. चिमण्या उतरल्या. थोडं थांबून त्यांनी दुसरी मूठ घेतली आणि ती जरा बाजूला टाकली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"तिकडल्यांची," त्या फोटोकडे हात करून म्हणाल्या. "तिथं टाकू देत न्हाईत ना. मग त्यांच्या वाटनीची हितं टाकते. कुनाच्या तरी नरड्याखाली उतरलं म्हंजी झालं."

मी कॅमेरा बाहेर काढला. मागे कोरडा हौद होता, त्यापलीकडे करपलेलं रान, आणि मधे दोन ठिकाणी चिमण्यांची दाटी. कॅमेरा डोळ्याला लावलेला दिसताच काकू सूप उचलून बाजूला सरकायला लागल्या.

"काकू," मी म्हटलं, "तिथंच उभ्या राहा."